साहेबांच्या घरचं लिंबू

लिंबाच्या झाडाला मच्छरदाणी लावणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला. बाबा दुसऱ्या प्रकारात मोडतात असं आई म्हणायची. आत्याचं म्हणणं, दोन्ही प्रकारांत मोडायला कायद्याची कुठे मनाई आहे?

बाबांनी तीस वर्षं एकच काम केलं. परदेशातून येणारी रोपं आणि आसपासच्या नर्सऱ्यांमधली कलमं तपासायची, आणि संशय आला की भट्टीत घालायची. खिशात कायम एक भिंग. लोक त्यांना भिंगसाहेब म्हणत. चिरीमिरी घेत नसल्यामुळे तोंडावरही म्हणत. सतरा वर्षांपूर्वी सख्ख्या बहिणीच्या बॅगेतून निघालेलं फुलझाड त्यांनी तिच्यादेखत भट्टीत टाकलं. शिवाय पावती दिली. आत्या त्यानंतर अकरा वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. सहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले त्या संध्याकाळी ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आता तुला माझं काही जाळता येत नाही ना? मग सरक, आत येऊ दे."

त्याच संध्याकाळी बाबांच्या लेकीनं त्यांना लिंबाचं झाड भेट दिलं. बाबांनी एक पान उलटं केलं, भिंगातून पाहिलं, मग भिंग खाली करून लेकीकडे पाहिलं.

"कुठून आणलंस?"

"नर्सरीतून. ती बसस्टँडजवळची."

"बरं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी झाड गच्चीवर गेलं आणि त्याच्यावर मच्छरदाणी चढली. आतली माती बाहेर नाही, बाहेरची कात्री आत नाही. झाडाजवळ जाताना आणि येताना हात धुवायचे. दर रविवारी सकाळी बाबा त्या मच्छरदाणीत शिरायचे आणि तासाभरानं घामाघूम होऊन बाहेर यायचे. शेजाऱ्यांची चांगलीच करमणूक झाली. समोरच्या इमारतीतले हेडमास्तर विचारायचे, "काय साहेब, लिंबाला रात्री डास चावतात का?" आई म्हणायची, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाही. सवत आणलीये माझी, आणि ती पोटच्या पोरीनं."

लेकीला आतल्या आत फार बरं वाटायचं. एखाद्या भेटीचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

बाबा गेले ते एका शुक्रवारी, कुणाला फारशी तसदी न देता. चौथ्या दिवशी लेक गच्चीवर गेली. कोपऱ्यात मच्छरदाणीत ते झाड उभं होतं. तिला वाटलं, आता तरी याला मोकळा वारा लागू दे. तिनं मच्छरदाणी सोडवली, घडी घातली आणि कपाटात ठेवली. त्या दिवसांत तिनं केलेली ही एकच गोष्ट तिला शहाणपणाची वाटली होती.

भेटायला येणारी माणसं येत राहिली. काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं आणि काय ऐकावं हे हिला. मग हेडमास्तरांनी गच्चीवर जाऊन झाड पाहिलं आणि गहिवरून म्हणाले, "साहेबांची एक आठवण मिळाली असती तर..." लेकीनं फांदी कापून दिली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ते पाहिलं. त्यांनाही दिली. मग शिवणवाल्या बाईंना, वाचनालयाच्या ग्रंथपालांना, बाबांच्या फिरायच्या गटातल्या अकरा जणांना. नर्सरीवाला स्वतः आला होता. बाबांनी त्याची रोपं आयुष्यात दोनदा जाळली होती, तरी तो ढसाढसा रडला. त्याला तिनं चांगली जाड, डोळे भरलेली काडी दिली. शेवटची फांदी आत्यानं मागून घेतली. "एक त्यानं जाळलं होतं," ती म्हणाली, "एक तू देतेस. फिटलं."

अशा सतरा फांद्या गेल्या.

चार महिन्यांनी छोटं भिंग आलं. हे बाबांच्या हाताखाली तयार झालेले निरीक्षक. मधल्या काळात त्यांची बदली लांबच्या बंदरावर झाली होती, म्हणून भेटायला उशीर झाला याबद्दल त्यांनी तीनदा माफी मागितली. चहा घेतला. मग, "साहेबांचं झाड बघू का?" असं संकोचून विचारलं.

गच्चीवर त्यांनी चपला काढल्या. देवळात जावं तसे झाडाजवळ गेले आणि सवयीनं भिंग काढलं. एक पान पाहिलं. दुसरं पाहिलं. तिसऱ्या पानापाशी त्यांचा चेहरा असा झाला, की लेकीला वाटलं यांना चक्कर येतेय.

"ताई, हे पिवळे डाग बघा. मधल्या शिरेच्या डावीकडे आहेत तसे उजवीकडे नाहीत."

"खत कमी पडलंय का?"

"खत कमी पडलं तर दोन्हीकडे सारखं पिवळं होतं." त्यांनी कोवळ्या शेंड्यावर बोट टेकवलं. तिळाएवढे दोन-चार किडे टुणकन उडाले. "आणि हे लिंबाच्या एका वाईट रोगाचे वाहक. ताई, मच्छरदाणी कुठाय?"

"मी काढली. मोकळा वारा लागावा म्हणून."

छोटं भिंग कठड्याला टेकलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. या रोगाला औषध नाही. तो काडीतून जातो, कलमाच्या डोळ्यातून जातो, या किड्यांच्या सोंडेतून जातो. झाडात वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. नदीपलीकडच्या सगळ्या बागा लिंबाच्याच. एकदा तिथे शिरला की झाडं उपटत जायचं, दुसरा उपाय नाही. नमुना तपासायला आजच पाठवतो, निकालाला तीन आठवडे लागतील.

"एक बरंय," ते घाम पुसत म्हणाले, "साहेबांच्या घरचं झाड. फांद्याबिंद्या कुणाला दिलेल्या नसणार."

"नाही, तशा फारशा नाही," लेक म्हणाली. "फक्त सतरा."

दुसऱ्या दिवसापासून वसुली सुरू झाली. दिलेलं कर्ज मागायला जाणं सोपं असतं. माणूस निदान लाजतो तरी. इथे लाजायची पाळी हिची. मेलेल्या बापाची आठवण म्हणून वाटलेली फांदी परत मागायची, तीही फवारणी करून, प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत तोंड बांधून.

हेडमास्तरांनी फांदी खिडकीत लावली होती आणि तिच्याशी रोज वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर चर्चा करत होते. "लेखी आदेश आणा," ते म्हणाले. "साहेब असते तर त्यांनीसुद्धा आणला असता." काकूंनी चहाच्या चोथ्यावर ती एवढी वाढवली होती, की त्यांना वाटलं हिचा डोळा त्या वाढीवर आहे. "इतकं हवं होतं तर दिलंस कशाला? दिलेलं परत घेऊ नये, माणसाला लागतं ते." ग्रंथपाल रडवेल्या झाल्या. चार महिने त्या तोंड लपवत होत्या, कारण फांदी त्यांच्याकडे आठवडाभरात वाळून गेली होती. "तुमची वाळून गेली? फार छान झालं!" लेक इतक्या मनापासून म्हणाली, की त्या आणखीच रडल्या. बातमी पसरताच फिरायच्या गटातले तिघे उजळ माथ्यानं पुढे आले. आमचीही मेली, आम्हीही मारली. झाड जगवणारे गुन्हेगार ठरले आणि ज्यांनी पाणीसुद्धा घातलं नव्हतं ते लोकहिताचे रक्षक म्हणून मिरवू लागले.

लेखी आदेशासाठी लेक बाबांच्या जुन्या कार्यालयात गेली. टेबलापलीकडच्या कारकुनांनी अर्जाचा नमुना पुढे सरकवला.

"मालकानं समक्ष यायला हवं."

"मालक वारले."

"मग तसा त्यांचा अर्ज जोडा." मग स्वतःच दचकून म्हणाले, "म्हणजे वारसांचा. झाड स्थावर की जंगम?"

"म्हणजे?"

"जमिनीत असेल तर स्थावर. स्थावराचे सगळे वारस लागतात."

"कुंडीत आहे."

"कुंडी हलते?"

"दोघांनी उचलली तर हलते."

"मग अर्धस्थावर," कारकून विचारमग्न होऊन म्हणाले. "असा प्रसंग आलेला नाही. आणि रकाना क्रमांक नऊ रिकामा ठेवू नका. त्याशिवाय आदेश निघत नाही."

रकाना क्रमांक नऊ होता, 'रोपाचा उगम: नेमके कोठून, कोणी, कशातून आणले.'

लेकीनं तो रकाना बोटानं झाकला. "हा रकाना कुणी घातला हो?"

कारकुनांचा आवाज मऊ झाला. "तुमच्या वडिलांनी. पूर्वी नव्हता. ते म्हणायचे, बाकी सगळे रकाने शोभेचे आहेत, रोग याच्यात राहतो."

तिनं अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तो रकाना वगळून जगता येईल का, याचा दोन दिवस विचार केला.

कारण बसस्टँडजवळ नर्सरी नव्हतीच. कधीच नव्हती. सहा वर्षांपूर्वी ती परदेशातली नोकरी संपवून परत आली. तिथल्या घरमालकिणीच्या अंगणात हे लिंबू होतं. बिनबियांचं, सालीला असा वास की हाताला दिवसभर राहावा. तिनं पत्रात लिहिलं तर बाबांनी उलट टपाली तीन प्रश्न विचारले आणि फोटो मागवला. तिला वाटलं, या माणसानं जन्मभर परदेशी झाडं पाहिली ती फक्त जाळण्यापुरती. एक तरी वाढताना पाहू दे. तिनं दोन काड्या ओल्या रुमालात गुंडाळून टूथब्रशच्या डबीत घातल्या. एक जगली, आणि बाबांच्या निवृत्तीपर्यंत कुंडीत हातभर झाली. भिंगसाहेबांच्या मुलीनं, भिंगसाहेबांसाठी, भिंगसाहेबांच्याच विमानतळावरून. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, ते यापेक्षा वेगळं नसावं.

हे कागदावर आलं असतं तर तिचं काय व्हायचं ते झालं असतं, त्याचं तिला फार वाटत नव्हतं. पण लोक म्हणाले असते, जगाची रोपं जाळली आणि स्वतःच्या गच्चीवर चोरीचं झाड मच्छरदाणीत पोसलं. आणि उत्तर द्यायला बाबा नव्हते.

सोळा फांद्यांचा निकाल लागला होता. आदेशाविना, हातापाया पडून. (हेडमास्तरांनी आदेश निघाला की फांदी द्यायचं कबूल केलं होतं. आत्यानंही कुंडी दिली नव्हती, "मी स्वतः आणून देईन, तुमच्या घराण्याच्या हातात मी आता झाड देत नाही," असं वचन दिलं होतं. ही दोन्ही वचनं लेकीनं जमेत धरली.) उरला नर्सरीवाला. बुधवारी दुपारी छोट्या भिंगाला घेऊन ती नर्सरीत गेली, आणि फाटकातच थांबली.

आत नव्या जाळीखाली एकतीस कलमं ओळीनं उभी होती. एका काडीचे एकतीस डोळे. वर ताजा रंगवलेला फलक होता: 'भिंगसाहेबांचं लिंबू. साहेबांच्या घरचं, म्हणजे खात्रीनं निरोगी.'

"कसं वाटलं?" नर्सरीवाल्याचे डोळे भरून आले. "सगळी कलमं लागली, बघा. उद्या सकाळी नदीपलीकडच्या बागेत ट्रक जाणार."

छोट्या भिंगानं सांगायचं ते सांगितलं. नर्सरीवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"शक्य नाही, साहेब."

"अहो, पानं मी स्वतः पाहिली."

"तुम्ही पाहिलीत. निकाल आलाय का? नाही. साहेबांनी माझी रोपं दोनदा जाळली, दोन्ही वेळा निकाल ते म्हणाले तसाच आला. आणि त्यांच्या गच्चीवर, त्यांच्या हाताखाली रोगट झाड? उद्या म्हणाल सूर्य विझला. मी बाकी सगळं तपासून घेतो, हे एक तपासलं नाही. साहेबांच्या घरचं म्हणून."

"आदेश काढतो मी."

"जरूर काढा. उद्या सकाळपर्यंत निघाला तर ट्रक थांबवतो."

तेवढ्यात फाटकातून आत्या आली. हातात कुंडी, चेहऱ्यावर युद्ध. "हा माणूस झाडांतलं जाणतो, याचं ऐकूनच देणार मी. काय हो, खरंच रोग आहे का यात?"

"नाही हो, ताई! साहेबांच्या घरचं आहे."

लेकीनं फलकाकडे पाहिलं. अक्षरं मोठी आणि सुबक होती. रंगाऱ्यानं बाबांचं भिंगसुद्धा काढलं होतं.

"नाहीये," ती म्हणाली.

"काय नाहीये?"

"साहेबांच्या घरचं नाहीये. मी आणलं. परदेशातून, टूथब्रशच्या डबीतून, न तपासता. बाबांना सांगितलं नर्सरीतून आणलं म्हणून. खोटं सांगितलं."

  नर्सरीवाला मटकन उलट्या कुंडीवर बसला. छोट्या भिंगानं ती परत आल्याची तारीख विचारली. तिनं सांगितली. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"त्या दिवशी ड्यूटीवर मी होतो," ते म्हणाले. "तुमची बॅग समोर आली होती. मी उघडली नाही. म्हटलं, साहेबांची मुलगी."

आत्यानं हातातली कुंडी खाली ठेवली. 

"म्हणजे माझं जाळलं," ती म्हणाली, "आणि तुझं पाळलं? मला पावती, आणि तुझ्या झाडाला मच्छरदाणी?"

"आत्या, त्यांना माहीत नव्हतं."

"त्याला माहीत नव्हतं? विमानातून उतरणाऱ्या माणसाच्या चालीवरून सांगायचा तो, खिशात बी आहे का फळ! त्याला माहीत नव्हतं म्हणे!"

छोटं भिंग हळूच म्हणालं, "साहेब नोंदवहीशिवाय कुठलंही झाड पाळतीवर ठेवायचे नाहीत. ती असणार घरात."

पाळत हा शब्द लेकीनं त्या झाडाच्या संदर्भात प्रथमच ऐकला. नर्सरीवाल्यानं मात्र ट्रकवाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नका," एवढंच म्हणाला, आणि उठून फलक उतरवायला लागला.

नोंदवही आईच्या शिलाई मशीनच्या खणात निघाली. "रविवारी वर जाताना न्यायचे, आल्यावर ठेवायचे," आई म्हणाली. "मी उघडली नाही. सवतीचं कोण वाचतं?"

वहीवर बाबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'घरगुती विलगीकरण'. पहिल्या पानावर रकाने आखलेले. लेक मोठ्यानं वाचू लागली, कारण आत्यानं तशी आज्ञा केली होती.

"रोप: लिंबू, परदेशी जात. उगम: मुलीने दिले. बसस्टँडजवळ नर्सरी नाही. जाऊन पाहिले." तिनं वही डोळ्यांजवळ धरली. "निर्णय: जाळणे. स्थगित. स्थगितीचे कारण..."

"काय आहे कारण?"

"रिकामं आहे."

पुढे सहा वर्षांचे रविवार होते. पान, शेंडा, खोड, जाळी शाबूत. निरोगी, पाळत चालू. निरोगी, पाळत चालू. एवढं कौतुक कुणी केलं नाही असं तिला जे वाटत होतं, ते सगळं त्या वहीत होतं. फक्त त्याचं नाव वेगळं होतं. अधेमधे समासात काहीबाही. 'आज फूल. वास चांगला आहे.' 'पहिले फळ. नियमाप्रमाणे नष्ट करावयाचे. खाल्ले.'

मग एका पानावर ती थांबली आणि तिनं वही आत्याकडे सरकवली. आत्यानं चष्मा लावला.

"बहिणीचे रोप जाळले त्याला आज चौदा वर्षे," आत्या वाचू लागली. "नमुना तपासला होता. निरोगी निघाले होते. सांगितले नाही."

आईनं तोंडावर हात ठेवला. छोटं भिंग छताकडे बघू लागलं. आत्यानं ती ओळ पुन्हा एकदा, ओठ हलवत, मनातल्या मनात वाचली. मग चष्मा काढला.

"सांगितलं असतं मेल्यानं," ती म्हणाली, "तर आणखी अकरा वर्षं बोलले नसते मी त्याच्याशी." नाक ओढून तिनं वही मिटली. "बरं केलं नाही सांगितलं ते."

शेवटची नोंद तेवढी लेकीनं एकटीनं वाचली. ती बाबा गेले त्याच्या आधीच्या रविवारची होती. 'डाव्या फांदीवर एक पान संशयास्पद. तिला विचारायला हवे. पुढच्या रविवारी.'

तिनं पर्समधून अर्ज काढला आणि रकाना क्रमांक नऊ भरला. नेमके कोठून, कोणी, कशातून. जागा कमी पडली, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. दुसऱ्या दिवशी कारकुनांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि कुंडी अर्धस्थावर आहे की काय हे न विचारता शिक्का मारला. "न तपासता आणलेल्या रोपाला निकालाची वाट बघावी लागत नाही. पण दंड होईल, ताई," ते म्हणाले. "होऊ दे," ती म्हणाली.

कार्यालयामागच्या आवारात भट्टी होती. फवारलेली, पिशव्यांत बांधलेली सगळी हजेरी तिथे लागली. एकतीस कलमं, हेडमास्तरांची फांदी (ते स्वतः आले होते, लेखी आदेशाची प्रत घेऊन), काकूंची भलीमोठी फांदी, आणि बाबांचं झाड, आठ तुकडे करून. आत्यानं आपली कुंडी कुणाच्या हातात दिली नाही. पुढे होऊन झाड स्वतः आत सारलं, आणि छोट्या भिंगासमोर हात पसरला. "पावती."

त्यांनी पावती दिली.

धूर निघेपर्यंत सगळे उभे होते. लिंबाचा वास मात्र आला, आणि बराच वेळ राहिला. मग एकेक जण निघाला. लेक फाटकाशी पोचली तेव्हा छोटं भिंग तिथे आडवं उभं होतं. त्यांचे कान लाल झाले होते.

"ताई, माफ करा. बॅग उघडता का?"

"माझी?"

"सहा वर्षं उशीर झाला," ते म्हणाले.

तिनं पर्स उघडली. रुमाल, चाव्या, चष्म्याचं घर, आणि वाचायला घेतलेलं एक जाड पुस्तक. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, कणा धरून उलटं केलं आणि हलकेच झटकलं.

एक पान तरंगत खाली आलं. पुस्तकाचं नव्हतं. लिंबाचं होतं. डाव्या बाजूला पिवळा डाग.

लेकीनं ते स्वतःच उचललं, त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि भट्टीकडे पाठ केली.

आत्यानं हे सगळं फाटकाबाहेरून पाहिलं होतं. तिनं लेकीच्या पाठीवर एक धपाटा घातला, आणि हात तिथेच ठेवला.

"सगळे म्हणतात बापावर गेलीये," ती म्हणाली. "बापावर कसली जातेय. माझ्यावर गेलीस तू."